दाताच्या दवाखान्याची भीती



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी दातांवर बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. युनियनच्या कचेरीत रोज जी माणसे येतात, त्यांत गालाला रुमाल बांधलेला एखादा अधूनमधून भेटतोच. मोर्चात लाठी पडली तरी मागे न हटणारा हा गडी दाताच्या डॉक्टरचे नाव काढताच "पगार झाल्यावर बघू" म्हणतो. लवंगेचे तेल, मिठाच्या गुळण्या आणि दुकानातून आणलेली गोळी यांवर तो महिनेच्या महिने काढतो. शेवटी एका रात्री शेजारी त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेतात. ही भीती कशी तयार होते आणि ती कशी मोडावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, ही भीती कोणी उगीच निर्माण केलेली नाही. आपल्या आजोबांच्या वेळी खेड्यात दात काढणे म्हणजे दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने ओढायचे, असा मामला होता. भूल देण्याची विद्याच मुळात फार जुनी नाही. अमेरिकेत हार्टफर्ड या गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. त्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ दुसऱ्याकडून काढवून घेतली. पुढे १८४६ साली बोस्टनच्या इस्पितळात मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग जाहीरपणे यशस्वी करून दाखविला. म्हणजे शस्त्रक्रियेतील वेदना घालविण्याच्या कामी दंतवैद्यच आघाडीवर होते, हे आपण विसरतो.

ठरावीक जागा बधिर करणारे औषध म्हणून आधी कोकेन आले, १९०५ साली नोव्होकेन आले आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन याने लिग्नोकेन तयार केले. आज आपल्याकडे दाताच्या इंजेक्शनात बहुधा हेच असते. दात कोरण्याचे यंत्र १८७१ साली शिवणयंत्रासारखे पायाने चालत असे. ते सावकाश फिरे आणि दात हादरवी. १९५७ साली हवेच्या दाबावर मिनिटाला २ लाखांहून अधिक फेरे घेणारे यंत्र आले आणि तासाचे काम मिनिटांवर आले. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कहाण्या त्यांच्या काळात खऱ्या होत्या; परंतु आपण अजून त्यांच्याच काळातली भीती बाळगून बसलो आहो.

आता दाताची रचना पाहू. वरचे पांढरे कवच अतिशय कठीण असते आणि त्यात मज्जातंतू नसतात. म्हणून कीड कवचात असते तोवर दात दुखत नाही. त्याखालच्या थरात ती उतरली की थंड-गोड लागून शिणशिण होते. आतल्या गराला पोचली की ठणका सुरू होतो. दुखत नसताना दाखविले तर कोरून सिमेंट भरण्याने भागते. उशीर झाला तर रूट कॅनाल करावे लागते. आणखी उशीर झाला की दात काढावा लागतो. कधीकधी ठणका आपोआप थांबतो आणि माणूस खूष होतो. वस्तुतः तेव्हा आतला गर मेलेला असतो आणि पू मुळाशी साचू लागतो.

यातच एक गोम आहे. मुळाशी पू आणि सूज असली की तेथील पेशींत आम्लता वाढते, आणि अशा जागी भुलीचे औषध नीट लागू पडत नाही. जो भिऊन उशिरा जातो, त्यालाच भूल कमी लागते आणि त्यालाच अधिक दुखते. मग तो चाळीत येऊन सांगतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" ते ऐकून आणखी चारजण घरी बसतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा तयार होतो. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे दुखणे आणि दुखण्यामुळे पुन्हा भीती, असे हे चक्र आहे. ते कोठेतरी तोडले पाहिजे. आणि तोडण्याची सोपी जागा म्हणजे दुखत नसताना केलेली पहिली फेरी.

भीतीत दुखण्याचा वाटा असतो, तसाच लाचारीचाही असतो. खुर्चीत माणूस उताणा पडलेला असतो, तोंड उघडे असते, बोलता येत नाही, आणि समोरचा काय करणार हे ठाऊक नसते. मॅनेजरच्या केबिनमध्ये प्रथम जाणाऱ्या कामगाराची स्थिती मी अनेकदा पाहिली आहे. काय बोलायचे आणि केव्हा उठून यायचे हे आधी ठरवून गेलेल्या माणसाचे पाय कापत नाहीत. खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरशी असाच करार करावा. "मला भीती वाटते" हे वाक्य पहिल्यानेच बोलावे. त्यात कमीपणा नाही, चांगल्या डॉक्टरला त्याचा उपयोगच होतो. डावा हात वर केला की काम थांबवायचे, हे ठरवून घ्यावे. हात वर केल्यावर डॉक्टर खरोखर थांबतो, एवढे एकदा अनुभवले की निम्मी भीती तेथेच उतरते. मुलांसाठी १९५९ पासून प्रसिद्ध असलेली एक पद्धत आहे: आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे. मोठ्यांनीही तिचा आग्रह धरावा. पहिल्या दिवशी फक्त तपासणी, दुसऱ्यांदा दात साफ करणे, आणि मग मोठे काम, अशा पायऱ्यांनी जावे.

भुलीसंबंधीही दोन गोष्टी जाणून असाव्यात. इंजेक्शनाने वेदना जाते, पण दाब जाणवतो. दात हलविताना जी ओढ कळते, तिला घाबरलेला माणूस दुखणे समजतो. टोचले तर मात्र निःसंकोच सांगावे. भूल पुन्हा देता येते. दुसरे असे की, काही इंजेक्शनांत ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते, त्याने थोडा वेळ छाती धडधडते. आपण चाललो, असे मानू नये. परंतु रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण, हे सर्व डॉक्टरला अगोदर सांगितलेच पाहिजे.

डॉक्टर कसा निवडावा? आपल्या देशात १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली आणि २०२३ साली संसदेने या क्षेत्रासाठी नवा कायदा संमत केला. तेव्हा भिंतीवर बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि राज्य दंतपरिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. रस्त्याच्या कडेला दात बसवून देणारा स्वस्त पडतो; पण त्याच्या न उकळलेल्या हत्यारातून कावीळ आणि त्याहून वाईट रोग येऊ शकतात. हत्यारे बंद पाकिटातून निघतात का, हातमोजे आणि सुई नवी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टर तुमचे म्हणणे ऐकून घेतो का, एक्स-रे दाखवून समजावतो का, दोन-तीन मार्ग आणि प्रत्येकाचा खर्च सांगतो का, हे पाहावे. खर्चाचा अंदाज लिहून मागावा. "आजच चार दात काढा" असे कोणी म्हणाला आणि सूज-ताप काही नसेल, तर कागद घेऊन दुसऱ्याचे मत विचारावे.

खर्चाची भीती हीही खरीच भीती आहे. बिगारीवरच्या माणसाची एक खाडी म्हणजे घरातले एका दिवसाचे धान्य. अशांनी सरकारी दंत महाविद्यालयांचा विचार करावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ती आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. गोव्यात बांबोळीला आहे. तेथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी लागतात. कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड असणाऱ्यांनी आपल्या रुग्णालयात दंतविभाग आहे का, याची चौकशी करावी. आपल्याच पगारातून कापलेल्या पैशाचा तो हक्क आहे.

दोन समजुतींचाही निकाल लावू. वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, हे खोटे आहे. डोळ्याच्या नसा वेगळ्या आणि दाताच्या वेगळ्या. दात साफ केल्याने ते हलतात, हेही खोटे आहे. वर्षानुवर्षे साचलेल्या किटणाने हिरडी आधीच सुटलेली असते. किटण निघाल्यावर ते दिसून येते इतकेच.

शेवटी सर्वांत गंभीर गोष्ट सांगतो. गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जावे. दाताचा पू गळ्यात उतरून माणूस दगावू शकतो. तसेच आपल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार आढळतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखू, मशेरी आणि सुपारी घरोघर आहेत. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, या खुणा दंतवैद्याला आरशात सहज दिसतात आणि लवकर दिसल्या तर माणूस वाचतो. दवाखान्याला भिणारा माणूस नेमका हाच आरसा टाळतो.

म्हणून माझी संघटनेतल्या कार्यकर्त्यांना एक सूचना आहे. वाटाघाटींच्या मागण्यांत वर्षातून अर्धा दिवस दंततपासणीची भरपगारी सवड मागा. ती मिळेपर्यंत, जो भितो त्याच्याबरोबर त्याच्या खात्यातल्या एकाने जावे आणि बाहेरच्या बाकावर बसून राहावे. बरोबर माणूस असला की पायरी चढवते, हा आमच्या चळवळीतला जुना अनुभव आहे.