जन्म डब्लिनचा, नागरिक कुठला?

लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाचे नाव आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत झळकले. वडील वराडचे, आई आयरिश, जन्म १९७९चा, डब्लिनमधला. ते कौतुक ओसरल्यावर मला एक प्रश्न पडला. आईही वराडचीच असती तर हे बाळ आयरिश ठरले असते का?

१९७९ साली ठरले असते. १९५६च्या नागरिकत्व कायद्यानुसार, परकीय राजदूतांच्या अपत्यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या भूमीवर जन्मणे पुरेसे होते. आईबाप कोण, हे विचारले जात नसे. पुढे १९९८च्या शांतता करारानंतर या हक्काला थेट राज्यघटनेचा आधार मिळाला. त्यामागचे कारण उत्तर आयर्लंडचे. तो भाग ब्रिटनचा; पण तिथल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवता यावे, असे करारात ठरले. म्हणून घटनेत शब्द आले ते 'आयर्लंड बेटावर जन्मलेली प्रत्येक व्यक्ती' अशा अर्थाचे. तीस वर्षांच्या रक्तपातावरचा तो उतारा होता.

त्याच शब्दांचा एक वेगळाच उपयोग पुढे निघाला. ब्रिटनमध्ये राहू इच्छिणारी एक चिनी आई बाळंतपणासाठी बेलफास्टला गेली. जागा ब्रिटनची, पण बेट आयर्लंडचे. बाळ आयरिश, म्हणजेच युरोपीय संघाचे नागरिक झाले. आईला बाळाबरोबर ब्रिटनमध्ये राहू द्यावे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २००४मध्ये दिला. तोवर आयर्लंडमध्ये जनमत फिरलेले होते. त्याच वर्षी ११ जूनला सार्वमत झाले आणि सुमारे ७९ टक्के मतदारांनी जन्मभूमीचा हा बिनशर्त हक्क काढून घेण्याच्या बाजूने कौल दिला. करार लोकांनी १९९८मध्ये मान्य केला होता तो याहूनही मोठ्या बहुमताने, हे विसरू नये.

१ जानेवारी २००५पासून नियम असा: आईबापांपैकी एक जण आयरिश किंवा ब्रिटिश नागरिक हवा, कायम वास्तव्याचा हक्क असलेला हवा, नाहीतर बाळाच्या जन्माआधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे तिथे कायदेशीर राहिलेला हवा. त्यात शिक्षणासाठीच्या परवान्यावर काढलेली वर्षे धरत नाहीत, आश्रयाच्या अर्जावर निर्णयाची वाट पाहण्यात गेलेलीही नाहीत.

याउलट, ज्याचा आजा किंवा आजी त्या बेटावर जन्मली, असा अमेरिकेतला माणूस आयर्लंडमध्ये पाऊलही न टाकता परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिक होऊ शकतो. देशांतर केलेल्यांशी नाते राखायचे, हे मला समजते. पण डब्लिनच्या इस्पितळात जन्मून तिथल्याच शाळेत जाणाऱ्या पोरापेक्षा त्याचे नाते जवळचे कसे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

आपणही फार वेगळे वागलो नाही. भारतात जन्मलेल्याचा बिनशर्त हक्क १९८७मध्येच गेला होता. ३ डिसेंबर २००४पासून तर एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. आयर्लंडच्या नियमाआधी महिनाभरही नाही!

तेव्हा नोकरीसाठी दोनच वर्षांपूर्वी डब्लिनला गेलेल्या मराठी जोडप्याला आज बाळ झाले, तर ते आयरिश नव्हे. आणि आईबाप दोघेही भारतीय असले, तरी ते आपोआप भारतीयही ठरत नाही. त्यासाठी वर्षाच्या आत भारतीय दूतावासात त्याच्या जन्माची नोंद करावी लागते. वर्ष उलटले, तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते.