ग्वाल्हेरचे सहा मासे

माझी अक्का लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, त्याला आता वीस वर्षे होत आली. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसायचे आणि गाडी न बदलता ग्वाल्हेरला उतरायचे. माहेर-सासर एकाच रुळावर, असे आमची आई म्हणते. दाजींचे घर लष्करात. लष्कर म्हणजे फौज नव्हे, शहराचा एक भाग. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तिथे छावणी टाकली, छावणीची पेठ झाली आणि नाव तेच राहिले. तिथल्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते, हिंदीची फोडणी दिलेली. अक्काने त्यात कन्नडची भर घातली. त्यामुळे माझा भाचा घरात ‘मासा’ म्हणतो, शाळेत ‘मछली’ म्हणतो आणि फोनवर त्याच्या अज्जीशी बोलताना ‘मीनु’ म्हणतो.

हे सांगायचे कारण म्हणजे त्याच्या माशांची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी, तो चौथीत असताना, एका रात्री त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

“मामा, मी दोन्ही मीनु मारले.”

वाढदिवसाला कुणीतरी त्याला काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश दिले होते. सोबत दाण्यांची पुडी आणि “याचं काही करावं लागत नाही” हे आश्वासन. नवव्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्यावर तरंगत होते. आदल्या दिवशी घरातले सगळे लग्नाला झाशीला गेले होते, त्यामुळे खाणे घालायचे राहिले. पोराने आपला हिशेब केला: मी उपाशी ठेवले म्हणून मेले. दोन दिवस तो धड जेवला नव्हता. परत घरात कुठलाही प्राणी नको, असे म्हणत होता.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, माशांशी माझा संबंध ताटापुरता. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात “मी मारले” हे बसून राहणे बरे नव्हे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “खाणं दिवसातून किती वेळा घालत होते?” मी तिथूनच अक्काला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, जो येईल तो चिमूटभर टाकायचा. सासूबाईसुद्धा.”

सर म्हणाले, “मग त्या पोराला सांगा, तू नाही मारलेस. एका दिवसाच्या उपासानं मासा मरत नाही. हे जास्त खाण्यानं मेले, आणि लहान भांड्यानं.”

पाणी दिसते स्वच्छ, पण...

सरांनी जे समजावले ते साध्या शब्दांत असे. मासा जिथे राहतो तिथेच त्याचे जेवण आणि तिथेच त्याचा संडास. त्याच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजलेल्या उरल्यासुरल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो विषारी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. जुन्या, मुरलेल्या टाकीत दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर एक प्रकारचे जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या कोऱ्या बाऊलमध्ये ते नसतातच. त्यात फिल्टर नाही, पाणी तीन-चार लिटर आणि खाणारे दोन खादाड मासे. नऊ दिवस टिकले हेच पुष्कळ.

बरे, गोल्डफिश हा बाऊलचा मासा नव्हेच. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून तळ्यांत पाळून निवडत आणलेली ही कार्पची जात. नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. मला शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा आठवली. हात धुवायच्या पाण्यात चिमुकला मासा येतो. तो मनूला सांगतो की मला आधी घटात ठेव, मोठा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, त्याहून मोठा झालो की समुद्रात सोड. मासा वाढतो आणि भांडे पुरत नाही, हे आपल्याकडे इतक्या जुन्या काळी ठाऊक होते. आपण मात्र त्याला टेबलावरच्या गोळ्यात कोंबतो.

हे सगळे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे खाणं कमी घालायचं असतं?” मला वाटले, आता गाडी रुळावर आली.

गाव पाहून मासा

नाताळच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला गेलो. जाताना सरांकडून एकच मंत्र घेतला होता: दुकानात रंग पाहून मासा निवडू नका, आपल्या गावची हवा पाहून निवडा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, हवा मवाळ. ग्वाल्हेर म्हणजे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे आणि जानेवारीच्या रात्री ५ अंशांपर्यंत खाली. मासा थंड रक्ताचा. पाणी जेवढे तापते वा गारठते तेवढाच तो.

पहिल्यांदा मासे पाळणाऱ्यांना दुकानदार बहुधा तीन नावे सुचवतात.

पहिला फायटर, म्हणजे बेट्टा. दिसायला राजबिंडा. त्याला हवेतला श्वास घेणारे एक खास इंद्रिय असते, म्हणून तो कपाएवढ्या पाण्यातही जिवंत दिसतो. पण जिवंत असणे आणि सुखात असणे यांत फरक आहे. त्याला निदान १५-२० लिटर पाणी आणि २४ ते २८ अंश उष्णता लागते. ग्वाल्हेरच्या थंडीत हीटरशिवाय तो तग धरणार नाही. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात.

दुसरा गप्पी. त्रिनिदादहून हे मासे लंडनला पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ मध्ये हे नाव पडले. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे टाक्यांत आणि डबक्यांत सोडतात. काटक आणि स्वस्त. अडचण एकच: महिन्या-महिन्याला पिल्ले. नर-मादी एकत्र ठेवली तर वर्षभरात टाकी कमी पडते. नुसते नर आणले तर हा प्रश्न येत नाही.

तिसरा झेब्रा डॅनिओ. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे-रुपेरी पट्टे, दिवसभर धावपळ. हा मूळचा आपलाच, भारतातल्या ओढ्या-नाल्यांतला. १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन करणारे फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन हे नाव आपल्या वाचकांना परके वाटायला नको. टिपूच्या पाडावानंतर, १८०० मध्ये, म्हैसूर, कानडा आणि मलबारचा प्रवास करून तिथली शेती, बाजार, माणसे लिहून काढणारे बुकानन ते हेच. आज हा इवलासा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरला जातो. १८ ते २८ अंशांत तो आरामात राहतो आणि त्याच्या थोडे खाली-वर झाले तरी सोसतो.

भाच्याने पट्टेवाला निवडला. मात्र हा कळपातला मासा. एकटा-दुकटा घाबरून राहतो. म्हणून निदान सहा हवेत.

आधी पाणी, मग मासे

दाजींनी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी आणली. तीत ५० लिटरच्या वर पाणी मावते, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त वजन. डगमगत्या स्टुलावर ती ठेवू नये. ऊन येणारी खिडकीही टाळावी, नाहीतर पाणी तापते आणि शेवाळ माजते. तळाला धुतलेली वाळू, थोड्या पाणवनस्पती, स्पंजचा साधा फिल्टर आणि वर झाकण. झाकण हवेच, कारण हे मासे उडी मारतात.

पाणी नळाचे. ग्वाल्हेरला ते तिघरा धरणातून येते. सर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसले, मग या तिघऱ्याला आणि पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागरला. मराठी, हिंदी आणि कन्नड मुलखाला एकाच माणसाने असे पाण्याने बांधले आहे, हे मी भाच्याला सांगितले. त्याने विचारले, “मामा, ते पाणी माशांना चालतं का?” प्रश्न रास्त होता. नळाच्या पाण्यातला क्लोरिन माशाचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटिक्लोरिनचे थेंब घालावेत.

मग सर्वांत अवघड काम: वाट पाहणे. फिल्टर चालू, टाकीत मासा नाही आणि जिवाणूंना खाद्य म्हणून एक-दोन दिवसांआड चार दाणे. शेजारी येऊन विचारायचे, “मासे कुठायत?” भाचा सांगायचा, “अभी पानी पक रहा है.” सहा आठवडे पोराने कॅलेंडरवर फुल्या मारल्या. चाचणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, तेव्हा फेब्रुवारीत सहा डॅनिओ घरी आले. पिशवी आधी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, पाण्याची उष्णता सारखी होऊ दिली आणि मग मासे जाळीने आत सोडले.

पुढचा नेम सोपा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे. घालणारा एकच माणूस. सासूबाईंनाही परवानगी नाही. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचे, सगळे कधीच नाही. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे जिवाणू वाचतात. सगळे मिळून आठवड्याला तासभर काम. कमी कटकटीचा प्राणी म्हणतात तो एवढाच कमी.

मे महिन्याची परीक्षा

खरी कसोटी मे महिन्यात लागली. टाकीतले पाणी ३२ अंशांवर गेले. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. भाच्याने घाबरून फोन केला. सरांना विचारून सांगितले: टाकी कूलरच्या खोलीत हलवू नकोस, खोलीच टाकीसाठी गार ठेव. झाकणाच्या जागी जाळी लाव, पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ दे, खाणे निम्मे कर. बर्फाची बंद बाटली तरंगत ठेव, पण पाणी एकदम गार होऊ देऊ नकोस. वीज जाते म्हणून दाजींनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला. सहाही मासे पावसाळा बघायला राहिले. पुढच्या थंडीत पाणी १६ अंशांखाली जायला लागले, तेव्हा छोटा हीटर २० अंशांवर लावला.

मधे एकदा किल्ल्यावर गेलो असताना शेजारच्या मुलाने सुचवले होते, की कंटाळा आला तर मासे सूरजकुंडात सोडून द्या. भाचा ठामपणे नाही म्हणाला. पाळलेला मासा तळ्यात, नदीत, गणपतीच्या विहिरीत सोडणे हे पुण्य नव्हे. तो तिथे मरतो, किंवा माजून तिथल्या माशांचे जगणे अवघड करतो. नको असेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. भाचा आता सातवीत आहे, आवाज फुटायला लागला आहे.

“मामा, एक मीनु गेला.”

मी क्षणभर थांबलो. तोच पुढे म्हणाला, “मी पाणी तपासलं. अमोनिया शून्य. बाकीचे नीट खातायत. तीन वर्षांचा झाला होता, सर म्हणाले होते ना, एवढंच जगतो. कुंडीत पुरला.”

“वाईट वाटलं?”

“हो. पण मी नाही मारला.” मग लगेच, “पाच राहिलेत, कळप लहान झाला. परीक्षा संपली की दोन आणीन. अज्जी जवळ आहे? तिला द्या फोन, तिला सांगायचंय.”