दिसतो कसा नाही, धावतो कसा

हस्की म्हटलं की निळ्या डोळ्यांचा, झुबकेदार सायबेरियन हस्की आठवतो ना? पण अलास्कातल्या इडिटरॉड शर्यतीत, म्हणजे अँकरेज ते नोम, साधारण १६०० किलोमीटर बर्फातून, बहुतेक गाड्या ओढतो तो अलास्कन हस्की. गंमत म्हणजे केनेल क्लबच्या यादीत ही जातच नाही. रंग, कान, शेपटी कशीही चालते. धावतो का, थंडीत नीट खातो का, पंजे टिकतात का, हे बघून पैदास करतात. कोड लिहिणाऱ्या मला हे फारच पटलं!

वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो, पण शर्यतीत दिवसाला सुमारे १०,००० कॅलरी लागतात, त्यातल्या बऱ्याचशा चरबीतून. गाडीला लगाम नसतो. मशर, म्हणजे गाडीवान, मागून ओरडतो: ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. आणि पुढचा बर्फ पातळ वाटला, तर चांगला लीडर कुत्रा चक्क ऐकत नाही.

पण २०२४च्या शर्यतीत तीन कुत्रे दगावले. थांब्यांवर पशुवैद्य असतात, थकलेला कुत्रा तिथे उतरवता येतो, तरीही. पळायची हौस माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या वाढवली, त्यामुळे कुत्रा आपणहून थांबेलच असं नाही. खाणं सोडलं, चाल बिघडली, हे मशरनेच ओळखायचं.