राहात्याची गोणी, बेनापोलचे फाटक

राहाता बाजार समितीच्या आवारात कांदा गोणीत भरून लिलावाला येतो. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन, गोल्टी, जोड अशी प्रतवारी लागते, बोली होते आणि तिथूनच मालाच्या वाटा फुटतात. काही कांदा मुंबई-दिल्लीकडे वळतो. काही न्हावा शेवा बंदरातून जेबेल अली, कोलंबो, पोर्ट क्लांग गाठतो. काही रेल्वेने किंवा ट्रकने बंगालपर्यंत जाऊन पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवरून बांगलादेशात उतरतो. पेट्रापोलच्या समोरचे फाटक बेनापोलचे. गोदावरीच्या उजव्या कालव्यावर पिकलेल्या कांद्याचा भाव त्या फाटकावर काय चालले आहे यावरही ठरतो, आणि त्या फाटकावर काय चालावे हे हळूहळू हा कांदाच ठरवू लागला आहे.

व्यापारधोरण दिल्लीत ठरते, असे आपण म्हणतो. गेल्या काही वर्षांतला घटनाक्रम मांडून बसले की वेगळेच दिसते. दिल्ली एक निर्णय घेते, शेजारी देश त्याला उत्तर देतो, माल आपली वाट बदलतो, आणि ही बदललेली वाट दिल्लीला पुढचा निर्णय घ्यायला भाग पाडते. या फिरत्या चक्रात सर्वांत कमी सूचना मिळते ती शेतकऱ्याला.

सप्टेंबर २०१९ पासून सुरुवात करू. भाव चढले म्हणून केंद्राने आधी टनाला ८५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य लावले आणि २९ सप्टेंबरला निर्यातच बंद केली. पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांसमोर बोलल्या. स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असे सांगावे लागले, असे त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी आधी कळवा, अशी त्यांची विनंती होती. सभागृहात हशा पिकला. पण मला ती दक्षिण आशियातल्या व्यापारधोरणावरची नेमकी टिप्पणी वाटते. पुढच्या दोन महिन्यांत ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन जिथून मिळेल तिथून त्या देशाने कांदा उचलला. काही तर विमानाने आणला.

आधी कळवण्याची विनंती वर्षभरही टिकली नाही. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली, तीही लगेच लागू. नाक्यांवर पोहोचलेले ट्रक जागीच अडले. नंतर वाटेतल्या मालापैकी २५ हजार टनांना परवानगी मिळाली, तोवर बराच कांदा ट्रकमध्येच सडला होता. कांदा हे जिवंत पीक आहे. सुती कापडाचे गठ्ठे नाक्यावर आठवडाभर थांबू शकतात, सप्टेंबरच्या दमट हवेत ताडपत्रीखाली कांदा थांबत नाही.

यातून शेजाऱ्याने धडा घेतला. बांगलादेशातही पाबना, फरीदपूर, राजबाडी या जिल्ह्यांत कांदा पिकवणारा मोठा शेतकरीवर्ग आहे. भारतातून कधी कांदा येईल आणि कधी बंद होईल याचा भरवसा नसेल तर आपलाच पिकवा, हे तिथल्या सरकारने ठरवले आणि पावसाळी कांद्यासाठी शेतकऱ्यांना बियाणे देऊ केले. त्यात एन-५३ ही जात होती, आपल्या निफाडच्या संशोधनातून निघालेली. ऑक्टोबर २०२० मध्ये भारताने कांदा बियाण्याच्या निर्यातीवरही बंदी घातली. म्हणजे साखळी कांद्यापासून बियाण्यापर्यंत मागे सरकली आणि धोरण तिच्या मागोमाग धावले.

बांगलादेशाच्या हातात आणखी एक हत्यार आहे: आयात परवाना. स्वतःचे पीक बाजारात आले की ढाका परवाने देणे थांबवते. तिथला काढणीचा हंगाम मार्च-एप्रिलचा, आपला उन्हाळी कांदाही त्याच सुमारास निघतो. दोन्ही देश आपापल्या शेतकऱ्याला आणि ग्राहकाला सांभाळायला एकाच फाटकाच्या दोन कड्या आळीपाळीने लावतात. संत्र्याचेही तेच झाले. बांगलादेशाने आयातशुल्क वर्षागणिक वाढवत नेले आणि विदर्भातल्या बागायतदारांसाठी २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारला अनुदान जाहीर करावे लागले. ढाक्यातल्या कराचा भार मुंबईच्या तिजोरीवर पडला.

मग २०२३ आले. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग रोखला गेला. डिसेंबरमध्ये बाजारात असतो तो लाल कांदा. उन्हाळी कांदा चाळीत भरून चार-पाच महिने वाट पाहता येते. लाल कांद्याला ती सोय नाही, तो काढला की विकावाच लागतो. बंदीसाठी यापेक्षा वाईट महिना शोधून सापडला नसता.

३१ मार्चला संपायची बंदी त्याआधीच पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. पाठोपाठ सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची मुभा जाहीर झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. राहाता ज्यात येतो त्या शिर्डी मतदारसंघात मतदान होते १३ मे रोजी. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढले. तोवर उशीर झाला होता. २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन कांदा देशाबाहेर गेला होता आणि त्यातला चौथा हिस्सा एकट्या बांगलादेशाने घेतला होता. पुढच्या वर्षी निर्यात १७ लाख टनांवर घसरली आणि त्यापुढच्या वर्षी आणखी खाली गेली. कागदावरची बंदी एका अधिसूचनेने उठते. दुसरीकडे गेलेला खरेदीदार अधिसूचनेने परत येत नाही.

शहरातल्या ग्राहकाची अडचण मी हलकी मानत नाही. हातावर पोट असणाऱ्या घरात कांदा ऐंशी रुपयांवर गेला की भाजीतून तो नाहीसाच होतो. पण त्यासाठी साठा हे साधन आहे. केंद्राने २०२३ मध्ये राखीव साठा ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेला आणि क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली. साठा वेळेत घेतला आणि वेळेत सोडला तर फाटक बंद करण्याची वेळ बहुतेक वर्षी येणार नाही.

आता सोयाबीन. आपल्या जिरायती शिवारात हे पीक पसरले आणि त्याबरोबर राहात्याचा शेतकरी अर्जेंटिना, ब्राझील आणि नेपाळशीही जोडला गेला. नेपाळात सोयाबीन फारसे पिकत नाही, तरी तिथून भारतात रिफाइंड सोयाबीन तेल येते. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली नेपाळच्या मालाला भारतात शुल्क माफ आहे. तिथले कारखाने परदेशातून कच्चे तेल आणतात, शुद्ध करतात आणि सीमेपलीकडून बिनशुल्क पाठवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने सोयाबीन उत्पादकांना आधार म्हणून कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. शुल्काची भिंत जितकी उंच, तितका नेपाळच्या वाटेने नफा जास्त. तो ओघ वाढला. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे शुल्क साडेसोळा टक्क्यांवर खाली आले आणि रिफाइंडवरचे होते तसेच, ३५.७५ टक्के, राहिले. दोहोंतले अंतर वाढल्याने भारतातल्या शुद्धीकरण कारखान्यांचे गणित सुटले. शेतकऱ्याला मात्र मिळालेले संरक्षण आठ महिन्यांत अर्ध्यावर आले. शेजाऱ्याच्या कारखान्याने आपले शुल्क कसे बदलले, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

साखरेबद्दल थोडक्यात. राहाता तालुक्यातच प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० साली पहिला हंगाम निघाला. सत्तर वर्षांनी त्याच साखरेचा वाद जिनिव्हात पोहोचला. साखर साचली म्हणून केंद्राने २०१९-२० मध्ये निर्यातीला टनामागे १०,४४८ रुपये मदत दिली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांची तक्रार आधीच दाखल होती, आणि डिसेंबर २०२१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. भारताने अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. तिथे गुंता थांबला. जून २०२२ पासून साखर निर्यातीवर मर्यादा आली आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळपास झालीच नाही.

दुधाबाबत मात्र वेगळा प्रसंग घडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला भारत आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती हे एक मोठे कारण होते. लोणी-बाभळेश्वरच्या पट्ट्यातल्या गोठ्यांचा विचार एखाद्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. जून २०१७ मध्ये याच तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप पेटला, तेव्हा कर्जमाफी, हमीभाव, दुधाचा दर या मागण्या पुढे होत्या. माझ्या मते त्या यादीत व्यापारधोरणाला तितकेच मोठे स्थान मिळायला हवे होते. शरद जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून बाजाराच्या स्वातंत्र्याचा मुद्दा लावून धरला होता, तो आपण मध्येच सोडून दिला.

उपाय कुठे आहे? आपल्याच कागदपत्रांत. मालदीवशी भारताचा १९८१ चा व्यापारकरार आहे. त्याखाली जीवनावश्यक वस्तूंचा वर्षाचा कोटा आधी ठरतो, आणि इतरांना निर्यात बंद असली तरी तो चालू राहतो. २०२४-२५ साठी मालदीवला ३५,७४९ टन कांद्याचा कोटा मिळाला, आणि तो जाहीर झाला ऐन बंदीच्या काळात. बांगलादेशाने अशाच वार्षिक कोट्याची मागणी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत, वाणिज्यमंत्र्यांच्या बैठकीत केली होती. तांदूळ, गहू, साखर, कांदा, लसूण, आले यांचा त्यात समावेश होता. त्या वेळी ती मान्य केली असती तर वर्षभरानंतरच्या बंदीतही बेनापोलचे फाटक ठरलेल्या मालापुरते उघडे राहिले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातले राज्य बदलले, २०२५ मध्ये सूत, तयार कपडे, मालाची पुढची वाहतूक यांवर दोन्हीकडून निर्बंध आले. आता तीच चर्चा कितीतरी अवघड झाली आहे. तरीही ती व्हावी, कारण त्या देशाला कांदा लागतो आणि आपल्याकडे तो पिकतो.

दुसरी मागणी वेळापत्रकाची. उन्हाळी कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकले जाते, डिसेंबर-जानेवारीत लागवड होते, मार्चपासून काढणी. बियाणे, मजुरी, कालव्याचे आवर्तन यांचा सगळा खर्च रोप टाकतानाच ठरतो. त्या हंगामातल्या निर्यातीसाठी शुल्क किती, किमान मूल्य किती आणि कोणत्या देशाला किती टनांची हमी, हे सरकारने ऑक्टोबर उजाडण्याआधी जाहीर करावे आणि काढणी संपेपर्यंत बदलू नये. कांदा किती लावायचा, की त्या रानात गहू-हरभरा घ्यायचा, हे मग राहात्याचा शेतकरी स्वतः ठरवील.