मुलांचा कोठा, मोठ्यांचा धाक

सभ्य समाजात ज्या विषयांचा उच्चार टाळला जातो त्यांत शौचाचा क्रमांक बराच वरचा आहे. त्यामुळे आठ-आठ दिवस पोट साफ न होणाऱ्या मुलाचे दुःख घराच्या उंबरठ्याबाहेर सहसा येत नाही; आलेच तर ते शेजारणीने सुचविलेल्या काढ्यापाशी किंवा आजीच्या एरंडेलापाशी थांबते. वास्तविक बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने मलावरोध ही रोजच्या पाहण्यातील तक्रार आहे. तिचे कारण आणि तिच्यावरचा उपाय ही दोन्ही बरीच वर्षे ठाऊक आहेत. पालकांपर्यंत मात्र ती पुरेशी पोहोचलेली नाहीत.

तान्हेपण ओलांडलेल्या मुलांत १०० पैकी ९० हून अधिक वेळा या तक्रारीमागे आतड्याचा कोणताही रोग नसतो. मग असते काय? बहुधा एखादा दुखरा प्रसंग. वरचे अन्न सुरू झाले, ताप येऊन गेला, प्रवासात पाणी कमी पडले, अशा कोणत्याही निमित्ताने खडा होतो. तो बाहेर पडताना मूल कळवळते. क्वचित गुदद्वारापाशी चीर पडून रक्ताची रेघही दिसते. दोन-अडीच वर्षांच्या जिवाला त्यातून एकच बोध होतो, की शी दुखते, तेव्हा ती करू नये. पुढे वेग आला की ते पडद्यामागे जाऊन उभे राहते, पायाला पाय आवळते, टाचा उचलते, लालबुंद होते. आईला वाटते, बिचारे कुंथते आहे. प्रत्यक्षात ते सारे बळ एकवटून मल आत रोखून धरीत असते.

मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम पाणी शोषून घेण्याचे. रोखलेला मल जितका वेळ आत राहील तितका तो सुकतो, कठीण होतो आणि वाढतो; पुढची खेप अधिक दुखते, आणि मुलाची भीती खरी ठरते. महिनोन्‌महिने हे चालले की गुदाशय ताणून सैलावतो आणि वेगाची जाणीवच बोथट होते. साठलेल्या गोळ्याच्या कडेने मग पातळ मल पाझरू लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाची चड्डी रोज खराब होऊ लागली म्हणजे घरात त्याला आळशी, घाणेरडा ठरविले जाते, प्रसंगी चोपही बसतो. कोणी त्याला जुलाब समजून तो थांबविण्याचे औषध देतात, आणि मूळ दुखणे आणखी बळावते. ज्या गोष्टीची मुलाला जाणीवही होत नाही तिच्याबद्दल त्याला शिक्षा करणे हा निव्वळ अन्याय आहे.

उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम साठलेला मल डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधाने मोकळा करावा लागतो. त्यानंतर लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉल यांसारखे, आतड्यात पाणी धरून मल मऊ ठेवणारे औषध रोज, निदान दोन महिने आणि पुष्कळदा त्याहून कितीतरी अधिक काळ चालू ठेवावे लागते. येथेच बहुतेक घरांत घोडे अडते. ‘औषधाची सवय लागेल’ या धास्तीने चार दिवस पोट साफ झाले की बाटली कपाटात जाते, आणि पंधरवड्यात मूल पुन्हा पडद्यामागे उभे दिसते. या औषधांनी आतडे परावलंबी होत नाही. ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला आणि मुलाला भीती विसरायला मात्र वेळ लागतो. तज्ज्ञांकडे पाठवाव्या लागलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मीच सहा ते बारा महिन्यांत औषधावाचून राहू लागतात. एरंडेल आतड्याला चाळवून कळा आणते. ज्याला शौचाचीच भीती बसली आहे त्याला ते पाजण्यात शहाणपण नाही.

आहाराविषयी मात्र थोडे तारतम्य हवे. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका ही मुलाच्या पोटात जायलाच हवीत. दिवसभर दूध आणि बिस्किटांवर राहणाऱ्या मुलाला या अन्नाची भूक उरत नाही हेही खरे. परंतु जुनाट मलावरोध केवळ पपईने बरा होईल अशी आशा बाळगणे व्यर्थ होय.

जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. तेव्हा जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शांतपणे बसविण्याचा नेम उपयोगी पडतो. उकिडवे बसण्याची आपली जुनी पद्धत या कामी सोयीची. कमोडवर मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल द्यावे. बसल्याबद्दल कौतुक करावे, झाले नाही म्हणून रागावू नये.

उरलेल्या थोड्या मुलांत खरा रोग असू शकतो. जन्मल्यानंतर ४८ तासांत पहिली काळी शी न होणे, पोट फुगून हिरवी उलटी होणे, वजन न वाढणे, पायांत अशक्तपणा येणे, ही लक्षणे घरगुती उपायांवर सोडण्याजोगी नव्हेत. आतड्याच्या शेवटच्या भागातील मज्जापेशींच्या जन्मजात अभावाने होणारा हिर्शस्प्रुंगचा विकार शस्त्रक्रियेनेच बरा होतो. याउलट केवळ अंगावर पिणाऱ्या, एरवी खेळकर बाळाला काही दिवस शी झाली नाही आणि झाली तेव्हा ती मऊ असली, तर घाबरण्याचे कारण नाही.

घरी सुधारलेले मूल शाळेत पुन्हा बिघडते, ही तक्रार मात्र पालकांच्या हाती नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ आहे. तरी वर्गात करंगळी वर करणाऱ्या मुलाला ‘मधल्या सुट्टीत जा’ असे सांगण्याचा प्रघात गेलेला नाही. दोन बोटे वर करण्याचे धैर्य तर फारच थोड्यांना होते, कारण मागून हसू येते. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे ही शाळेची आवश्यक बाब ठरविली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसा आदेश दिला. पण बांधलेल्या खोलीला कडी नसेल, नळाला पाणी नसेल किंवा किल्ली शिपायाच्या खिशात असेल, तर मुलांना तिचा उपयोग काय? अशा शाळेत मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. केरळातील शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू केली, तिला खर्च जवळजवळ काहीच आला नाही. ज्या मुलाच्या पालकांनी चिठ्ठी दिली आहे त्याला न विचारता, न सांगता वर्गाबाहेर जाऊ देणे यालाही काही खर्च येत नाही. आणि अशी चिठ्ठी देण्यास पालकांनी संकोचू नये, एवढे वर्गशिक्षकांना पहिल्याच पालकसभेत सांगता येईल.