रिकाम्या बाटलीचे दहा रुपये

निलगिरीच्या डोंगरात दारूच्या रिकाम्या बाटल्या हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नव्हता. फेकलेल्या बाटल्या फुटत आणि त्यांच्या काचा हत्तींसारख्या वन्यप्राण्यांच्या पायांत रुतत. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आग्रहामुळे मे २०२२ मध्ये ‘टास्मॅक’ या तमिळनाडूच्या सरकारी मद्यविक्री महामंडळाने निलगिरी जिल्ह्यात एक साधा नियम केला. बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी बाटली आणून दिली की ते परत करायचे. बहुतेक बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. पुढे ही पद्धत राज्याच्या इतर जिल्ह्यांतही टप्प्याटप्प्याने नेण्यात आली.

बाटलीवर शंभराहून अधिक रुपये खर्च करणारा माणूस दहा रुपयांसाठी परत का येतो? वर्तनविज्ञानाकडे याचे उत्तर आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले, की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचे दुःख माणसाला जास्त जाणवते. पुढच्या प्रयोगांत हा फरक साधारण दुपटीचा आढळला. अनामत म्हणून दिलेले दहा रुपये ग्राहकाला स्वतःचेच वाटतात. ते बुडू देणे त्याला बोचते.

रक्कम तीच ठेवून फक्त तिची दिशा बदलली तर काय होते, हे अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ तातियाना होमोनॉफ यांनी तपासले. वॉशिंग्टन परिसरात काही दुकाने स्वतःची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंट सूट देत होती. तिचा परिणाम जवळजवळ शून्य होता. मग दुकानातून पिशवी घेणाऱ्यावर तेवढाच, पाच सेंटचा कर लागला. आधी शंभरातले ऐंशीहून जास्त ग्राहक दुकानाची पिशवी घेत. करानंतर हे प्रमाण चाळिसाच्या आसपास आले. ‘डबा आणा, सवलत मिळवा’ अशी पाटी लावणाऱ्या आपल्याकडच्या उपाहारगृहांनी हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा. सवलत देण्यापेक्षा बांधून नेण्याच्या डब्याचे पैसे बिलात वेगळे दाखवले, तर ते ग्राहकाच्या डोळ्यांत भरतील.

न मागता येणारे चमचे

पैसे बुडण्याची बोच हे पहिले साधन झाले. दुसरे साधन आहे आधीच ठरवून ठेवलेला पर्याय. चीनमधील ‘एलेमे’ या अन्नपोच ॲपने काही शहरांत जेवणासोबत काटे-चमचे आपोआप पाठवणे थांबवले. हवे असतील तर ग्राहकाने ते मागायचे आणि न मागणाऱ्याला हरित गुण मिळायचे. हे गुण साठले की त्याच्या नावाने वाळवंटी भागात झाड लावले जाई. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार चमच्यांविना येणाऱ्या मागण्यांचे प्रमाण सुमारे साडेसात पट झाले. कुणाचेही स्वातंत्र्य गेले नाही; चमचे एका स्पर्शावर उपलब्ध होतेच. पण समोर आलेला पर्याय बदलण्याची तसदी बहुतेक जण घेत नाहीत. हा आपला स्वभाव आजवर कचरा वाढवण्याच्या कामी आला, तो कमी करण्याच्या कामीही येऊ शकतो.

तिसरे साधन म्हणजे इतरांचे वागणे. अमेरिकेतील एका हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती वेगवेगळ्या शब्दांत करून पाहण्यात आली. पर्यावरणाची हाक देणाऱ्या सूचनेला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला. बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असे सांगितल्यावर आकडा ४४ टक्क्यांवर गेला आणि ‘याच खोलीत राहिलेले’ पाहुणे तसे करतात, असे सांगितल्यावर ४९ टक्क्यांवर. याची उलट बाजूही ओळखायला हवी. ‘वारंवार सांगूनही कुणी ओला-सुका कचरा वेगळा करत नाही’ असा फलक सोसायटीच्या जिन्यात लावला, की न करणाऱ्याला आपण एकटे नाही हे कळते. वेगळा करणारी घरे किती, हे लिहिलेले जास्त उपयोगी.

पुनर्चक्रीकरणाची ढाल

मात्र या साधनांना मर्यादा आहेत. २०१३ मधील एका प्रयोगात कात्री तपासून पाहण्यासाठी लोकांना कागद दिले गेले. जिथे पुनर्चक्रीकरणाची टोपली ठेवली होती, तिथे लोकांनी जास्त कागद कापला. वाया जाणार नाही या दिलाशाने हात सैल सुटतो. म्हणून चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वस्तू वापरात फिरत ठेवणाऱ्या व्यवस्थेत, आधी वापर कमी करणे, मग तीच वस्तू पुन्हा वापरणे व दुरुस्त करणे, आणि वितळवून नवे बनवणे सर्वांत शेवटी, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्राला यातले काहीच नवे नाही. रद्दीवाला वजन करून पैसे देई, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई, सोड्याच्या बाटलीची अनामत दुकानदाराकडे असे. आपले आजी-आजोबा आपल्यापेक्षा फार सज्जन होते म्हणून हे चालले, असे मला वाटत नाही. रिकाम्या वस्तूला किंमत होती आणि ती न्यायला कुणीतरी दारात येत होते. एकदाच वापरायच्या वेष्टनांनी ही किंमतच पुसून टाकली, आणि नंतर आपण नागरिकांना शिस्तीचे धडे देऊ लागलो.

ती किंमत पुन्हा उभी करता येते. गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. अशा योजनेचा एक मोठा गुण असा, की ग्राहकाने बाटली टाकली तरी ती उचलणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते. पण ती राबवण्याचा भार कुणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. तमिळनाडूत बाटल्या मोजण्या-साठवण्याच्या वाढीव कामाविरुद्ध दुकानांतील कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. त्यांच्यासारख्यांच्या वाट्याची बाटली परतावा देणाऱ्या यंत्राच्या तोंडी गेली, तर त्यांची रोजी जाईल. परताव्याची केंद्रे चालवण्याचा पहिला हक्क त्यांचा असावा, आणि जागा, मजुरी व वाहतुकीचा खर्च बाटली बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी द्यावा.

यापुढे कोणतीही पालिका स्वच्छतेची मोहीम जाहीर करील, तेव्हा तिला तीन प्रश्न विचारू या: योग्य वागणे सोपे केले आहे का, वस्तू टाकून देणाऱ्याचे काही बुडते का, आणि ती परत नेणाऱ्या हातांना पुरेसा मोबदला मिळतो का? या तिन्हींची उत्तरे देणारी मोहीम घोषवाक्याशिवायही चालेल.