बंदुकीच्या बटाला बायपॉड: काम सोपं, धंदा अवघड

फॅब्रिकेशन, मोल्डिंग किंवा प्लास्टिक रिपेअरिंगचं छोटं वर्कशॉप टाकणारी बरीच मुलं आपले व्हिडिओ बघतात. त्यांच्याकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एखादं गिऱ्हाईक रायफल घेऊन आलं, म्हणालं "प्लास्टिकचा बट मजबूत करून द्या, बायपॉड लावायचाय", तर काम घ्यायचं का?

आधी कामच समजून घेऊ, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

बायपॉड म्हणजे दोन पायांचा स्टँड. रायफलचा पुढचा भाग, जिथे डावा हात येतो, त्याच्या खाली तो लागतो. लाकडी बट तिथे भरीव असतो. प्लास्टिकचा बट मात्र नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, बहुतेक वेळा काचतंतू मिसळलेला. वजन आणि माल वाचावा म्हणून तो आतून पोकळ ठेवतात, फक्त पातळ आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. हातात धरून चालवली तर काही होत नाही. पण सगळा भार पुढच्या दोन पायांवर टाकला की पुढचा भाग वाकतो, नळीला टेकतो आणि नेम सरकतो. वर साधा स्क्रू मारलेला असेल तर तो उपटून येतो.

उपाय तीन गोष्टींचा. पोकळीत लांबीच्या दिशेने ॲल्युमिनियमची नळी किंवा कार्बनचा रॉड बसवायचा. भोवती इपॉक्सी भरायचं. आणि बायपॉडचा खिळा स्क्रूवर न ठेवता आरपार बोल्ट करून आतून पत्र्याचा तुकडा आणि नट द्यायचा, म्हणजे ओढ एका बिंदूवर येत नाही. फसगत होते ती इपॉक्सीत. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी नीट चिकटतच नाही. वरून घट्ट दिसतं, महिन्याभरात अख्खा ठोकळा सुटून खुळखुळायला लागतो. म्हणून पॉलिश पेपरने घासायचं, तेलकटपणा पुसायचा आणि आतल्या पट्ट्यांना बारीक तिरकी भोकं पाडायची. इपॉक्सी त्या भोकांतून पलीकडे जाऊन अडकतं. चिकटण्यापेक्षा हे अडकणं कामाला येतं. एकदम जाड थर ओतला तर इपॉक्सी स्वतःच तापतं आणि प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हातातल्या डब्यातच घट्ट होतं. दोन-तीन थरांत, सकाळी लवकर भरायचं. शेवटी नळी आणि बट यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघायची. बायपॉडवर भार दिल्यावरही ती सरकली, तर काम बरोबर.

आता धंद्याचं बोलू.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं, काहीच करता येत नाही. याच कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. समजा तुम्ही या कामाचे हजार रुपये घेतले. माल वजा जाता हातात सहाशे. सहाशे रुपयांसमोर सात वर्षं ठेवून बघा.

गिऱ्हाईक म्हणेल, "माझं लायसन्स आहे की!" असेल. मालकाचं लायसन्स बंदूक बाळगण्याचं असतं, तुमच्या दुकानाला दुरुस्तीचं नसतं. मालकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्या कुणी बंदूक दुरुस्तीला नेली तर कलम ३ त्याला सूट देतं. पण ती सूट नेणाऱ्याला आहे, दुरुस्त करणाऱ्याला नाही. इथेच बरेच जण गोंधळतात. "फक्त बट ठेवून जातो" म्हणणाऱ्यालाही हात जोडा.

बीड जिल्ह्यात तर दुप्पट सावध राहा. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या घटनेनंतर जिल्ह्यातल्या हजारावर शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. अशा जिल्ह्यात तुमच्या टेबलावर रायफल दिसली, तर "मी फक्त प्लास्टिकचं काम करतो" हे कोण ऐकून घेणार?

आणि बाजार तरी किती मोठा आहे? शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. खेळाचं म्हणाल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. त्या स्पर्धेत बायपॉड चालत नाही. १० मीटर एअर रायफल तर उभ्यानेच असते. म्हणजे अकादमीची पोरंही तुमचं गिऱ्हाईक नाहीत. २० ज्यूलपर्यंतची, ४.५ मिमीची एअर रायफल ठेवायला परवाना लागत नाही हे खरं. पण तिची दुरुस्ती धंदा म्हणून करायची असेल, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

हेच कौशल्य विकायला मात्र आपल्या जिल्ह्यात जागा भरपूर आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचे ट्रायपॉड आणि ड्रोनचे पाय, बाइकच्या व्हायझरचे तुटलेले कान, सीसीटीव्हीचे ब्रॅकेट. सगळीकडे रोग एकच: पोकळ प्लास्टिक आणि एका बिंदूवर ओढ.

माझी पसंती फवारणी पंपाला. कापूस-सोयाबीनच्या दिवसात १६ लिटरचा पंप भरला की पट्ट्याच्या हुकावर १६ किलो पाणी लटकतं, आणि हुक नेमका ऐन फवारणीत तुटतो. टाकीला भोक पाडायचं नाही. खालच्या बैठकीला ॲल्युमिनियमची पट्टी, आरपार बोल्ट, आतून वॉशर. जूनच्या आधी एक पंप असा तयार करा, पाणी भरून आठ दिवस टांगून ठेवा आणि मग गावातल्या कृषी सेवा केंद्रात दाखवायला घेऊन जा.